जपून ठेवलेला निळा

नऊ वर्षं तो कागद माझ्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होता. ताईने दिलेला. हातकागद, गडद निळा, मधूनमधून पांढरट धागे. चारही कडा न कापलेल्या. लगदा साच्यात जिथे थांबला तिथेच कागद संपलेला, त्यामुळे काठ किंचित दातेरी आणि इतका पातळ, की उजेडासमोर धरला की पलीकडची बोटं दिसायची. देताना ताई म्हणाली होती, "घे, तुझ्या उद्योगांना होईल." बस, एवढंच. 'काहीतरी चांगलं करशील तेव्हाच वापर' हे वाक्य मी माझ्या पदरचं घातलं, आणि नऊ वर्षं ते तिनेच बजावल्यासारखं पाळलं.

'उद्योग' हा शब्द मात्र तिने अगदी बरोबर वापरला. मला चित्रकार म्हणावं असं माझ्या हातात काही नाही. चेहरा काढायला घेतला तर नाक नक्की कोणाचं आहे हे विचारावं लागतं. पण कागद रंगवायचा, फाडायचा, चिकटवायचा, त्यावर परत रंग द्यायचा, तो ओला असतानाच थोडा खरवडायचा, वर दोरा नाहीतर कापडाची चिंधी बसवायची, आणि यातून एखादं खोकं, वहीचं कव्हर, शुभेच्छापत्र किंवा भिंतीवर टांगण्यासारखं काहीतरी उभं करायचं, हे मला तासन्‌तास करता येतं. याला 'मिक्स्ड मीडिया' असं भारदस्त नाव आहे हे फार उशिरा कळलं. तोवर घरात याला 'पसारा' म्हणत. अजूनही म्हणतात, पण आता जरा आदराने.

माझं खरं भांडवल म्हणजे चिटोऱ्यांचं खोकं. मुळात ते बुटांचं. त्यात काय नाही? पाकिटांच्या आतला तो बारीक निळ्या-करड्या नक्षीचा कागद, जो आतलं पत्र बाहेरून वाचता येऊ नये म्हणून छापलेला असतो. जुन्या कॅलेंडरचे ठसठशीत आकडे. शिवणाच्या नमुन्याचा कुरकुरणारा पातळ कागद, त्यावरच्या तुटक रेषांसकट. तिकिटं, कपड्यांची लेबलं, कोणाच्या तरी वहीतलं अर्धवट सोडवलेलं गणित. आणि सगळ्यात वर ब्रश पुसलेले कागद. काम करताना शेजारी एक रद्दीचा कागद असतो, ब्रशला जास्त झालेला रंग त्यावर पुसायचा, रोलर त्यावर कोरडा करायचा. दिवसभरात त्या कागदावर जे होतं ते मला कधी ठरवून करता आलेलं नाही. गुलाबी फटकाऱ्यावरून गेलेला मोरपिशी, त्यातून डोकावणारी पिवळी रेघ, कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. समोरच्या कामात मी रंग लावत असते तेव्हा खांदे वर ओढलेले असतात. या कागदावर ब्रश पुसताना मात्र मी खिडकीबाहेर बघत असते. बहुधा म्हणूनच.

तर एकीकडे हे खोकं आणि दुसरीकडे तो निळा. खोक्यातलं मी बिनदिक्कत फाडायचे. निळ्याला वर्षातून एकदा बाहेर काढायचे, त्यावरून हात फिरवायचे आणि परत ठेवून द्यायचे.

या कामात शिकण्यासारखं खूप आहे असं वाटतं, पण त्यातलं निम्मं एकाच प्रश्नात येतं: कोण कोणावर बसतं? मेणाच्या खडूवर पाण्याचा रंग लावला की तो थेंबाथेंबाने पळ काढतो. ही भांडणं मुद्दाम लावूनही देता येतात. पांढऱ्या खडूने कागदावर काही लिहायचं, दिसत काहीच नाही, आणि वरून निळं पाणी फिरवलं की अक्षरं उमटतात. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक लावलं तर आज बसल्यासारखं वाटतं आणि पुढे कधीतरी पोपडे होऊन सुटतं. उलट वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग नीट राहतो. गुळगुळीत, चकचकीत पुठ्ठा कोणालाच थारा देत नाही. त्याला आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग जेसोचं अस्तर द्यायचं. जेसोत खडूसारखी बारीक पूड असते, त्यामुळे वाळल्यावर हाताला किंचित खरखर लागते आणि रंगाला धरायला जागा मिळते. हे सगळं मी वाचून शिकले असं सांगायला आवडलं असतं. पण माझे दोन वर्षांचे पोपडे त्याला साक्षीदार आहेत.

कागद चिकटवणं हे तर स्वतंत्र शास्त्र. सुरुवातीला मी पुठ्ठ्यावर भरपूर गोंद ओतायचे, त्यावर कागद दाबायचे आणि पाच मिनिटांत त्यावर डोंगर-दऱ्या उगवायच्या. दाबून बसवायला गेलं की फुगा इकडून तिकडे सरकायचा, पण जायचा नाही. मग कळलं की कागद ओला झाला की त्याचे तंतू फुगतात, आणि फुगतात ते मुख्यतः रुंदीत, लांबीत फारसे नाहीत. कारखान्यात बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात, म्हणून तो एकाच दिशेने वाढतो आणि ठराविक बाजूनेच गुंडाळी करतो. ही दिशा ओळखायची तर कागद थोडा फाडून बघायचा. जिकडून सरळ फाटतो ती तंतूंची दिशा, जिकडून वाकडातिकडा फाटतो ती आडवी. आता मी कागदाच्या मागे गोंदाचा पातळ हात फिरवते आणि त्याला मिनिटभर तसाच ठेवते. काय वाढायचं असेल ते वाढून घे म्हणते. मग पुठ्ठ्यावरही पातळ हात देऊन तो मधोमध टेकवायचा आणि मधून बाहेर, मधून बाहेर असं बोटाच्या पोटाने सारत न्यायचं. हवा कडेने निघताना हलकासा 'फुस' आवाज येतो. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकांचं वजन. कागद वाळताना आकसतो आणि ताणून बसतो. तो पुठ्ठ्यालाही ओढून वाकवतो, म्हणून मागच्या बाजूनेही एक फालतू कागद चिकटवायचा. दोन्हीकडून सारखी ओढ लागली की पुठ्ठा सरळ राहतो. पुस्तक बांधणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. मला ते कळायला बरेच धनुष्याकृती पुठ्ठे लागले.

आणि वाळणं! या कामातला निम्म्याहून जास्त वेळ काहीही न करता बसण्यात जातो, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. अ‍ॅक्रिलिकचा रंग म्हणजे रंगाची पूड आणि पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांजवळ येतात, दाटीवाटी होते आणि शेवटी ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. एकदा हे झालं की परत पाणी टाकून काही उपयोग नाही. वॉटरकलरचं तसं नसतं, त्यात बाभळीच्या जातीचा डिंक असतो, तो पाणी लागलं की परत सैल होतो आणि खालचा रंग उठतो. म्हणून वॉटरकलरवर थर चढवताना जीव मुठीत, आणि अ‍ॅक्रिलिकवर मात्र खुशाल. फक्त ते खरंच वाळलेलं हवं. वरून वाळलेलं आणि आतून ओलं, या अवस्थेत त्यावर ब्रश घासला की पापुद्रा सायीसारखा गोळा होऊन येतो. हेअर ड्रायरने घाई केली की हमखास हेच. शिवाय ओला असताना तो प्लास्टिकचा द्रव दुधट दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळला की एखादी छटा गडद होतो. ओल्या रंगाकडे बघून 'हाच तो!' असं मी कितीदा म्हटलं असेन, आणि तासाभराने तो कधीच 'तो' नव्हता.

बुटांच्या त्या खोक्याला मी एकदा नटवायला घेतलं. बाहेरून रंगीत कागद, वर अ‍ॅक्रिलिकचे ठिपके, झाकणाच्या आतल्या कडेलाही नारिंगी रंग, उघडताना दिसावा म्हणून. चार दिवस खपले. पहिली चूक म्हणजे थरांना जाडी असते हे विसरले, त्यामुळे झाकण बसेचना. कडा घासून, दाबून, थोडी शिवीगाळ करून बसवलं. दुसरी चूक सकाळी कळली. झाकण निघेना. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा वाळला तरी थोडा मऊच राहतो, आणि असे दोन पापुद्रे एकमेकांवर दाबून ठेवले की त्यांचं सख्य जमतं. मी जोर लावला. 'चर्रर्र' झालं आणि खोक्याचा नारिंगी झाकणाला, झाकणाचा जांभळा खोक्याला, अशी अदलाबदल झाली. आता मी अशा कडांना रंगच देत नाही, दिलाच तर वाळल्यावर पांढरं मेण घासते. ते खोकं मात्र तसंच आहे. त्याच्या कडेला जी फाटकी नारिंगी-जांभळी नक्षी झाली आहे ती कशी केली असं दोघांनी विचारलंय. मी खरं सांगितलेलं नाही.

रंग मिसळण्याबद्दल माझी मतं बरीच वर्षं फार ठाम होती. एका कामात तीन रंग, फार तर चार, आणि रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग ओले असताना कधीही एकमेकांजवळ आणायचे नाहीत. कारण साधं आहे. रंगाची पूड उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. निळा एक भाग गिळतो, नारिंगी नेमका दुसरा. दोघं एकत्र आले की परत पाठवायला फारसं काही उरतच नाही, आणि पॅलेटवर चिखल होतो. या चिखलाची मला धास्ती होती. भाची, म्हणजे ताईची मुलगी, सात वर्षांची असताना एक दिवस माझ्या टेबलाशी आली आणि तिने पॅलेटवरचं झाडून सगळं एकत्र केलं. हिरवा, लाल, जांभळा, वर पिवळ्याची उरलेली अर्धी नळी. मी श्वास रोखून बघत होते.

"मावशी, बघ, अस्वलाचा रंग!"

अस्वल तिने काढलंच नाही. सगळा कागद त्या एका रंगाने भरला, मधे खडूने दोन पिवळे डोळे काढले आणि खेळायला गेली. तो कागद कितीतरी दिवस टेबलावर होता. त्याच्या शेजारी ठेवलेली माझी कुठलीही रंगीत चिठ्ठी पेटून उठल्यासारखी दिसायची. रंग एकटा कसा दिसतो याला फारसा अर्थ नसतो, शेजार बदलला की तोच रंग वेगळा भासतो. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडलं. ते गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते, आणि तिथे तक्रार होती की काळे धागे हवे तसे काळे दिसत नाहीत. धाग्यांचा रंग उत्तम होता. दोष शेजारच्या रंगांचा होता. हे मी वाचलेलं होतं, पाठ होतं. तरी चिखलाला घाबरत होते. आता पॅलेटवर उरलेला सगळा रंग मी रोज अखेरीला एकत्र करते आणि जुन्या पुठ्ठ्यांना फासून ठेवते. माझ्या रंगीत कामांच्या मागे हल्ली बहुतेक वेळा अस्वल असतं.

निळ्याची गोष्ट वेगळी. निळा जपायची सवय माणसाला जुनीच आहे. युरोपातले चित्रकार जो अल्ट्रामरीन नावाचा गडद निळा वापरत तो लाजवर्द दगडापासून काढलेला, आणि तो दगड यायचा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. दगड कुटून, मेण आणि राळ यांच्या गोळ्यात मळून त्यातून निळी पूड वेगळी करत. ती इतकी महाग, की चित्र कोणासाठी, त्यात हा निळा किती आणि कुठे लावायचा, हे करारात लिहून घेतलं जाई. येशूच्या आईच्या, मेरीच्या झग्याला हा, बाकीच्यांना साधा. मग 1824 मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, 1828 मध्ये ते गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं, आणि हा निळा सगळ्यांच्या आवाक्यात आला. आज माझ्या डब्यात त्याची नळी इतर नळ्यांसारखीच पडलेली असते. आणि तरी मी ती दाबताना हात आखडता घेते, जणू काही खाणीतून मीच आणलाय.

कापून-चिकटवून काम करणाऱ्या थोरांकडे बघितलं तर त्यांच्यातले बरेच जण माझ्या खोक्याच्या बाजूचे निघतात. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स तिकिटं, वेष्टनं, रस्त्यात सापडलेले कपटे चिकटवायचा, आणि आपल्या कामाला त्याने 'मर्त्स' हे नाव दिलं तेही एका कागदाच्या तुकड्यावरून; छापील 'कॉमर्त्स' (म्हणजे व्यापार) शब्द कापताना त्याचा शेवटचा भाग चित्रात उरला होता. 1912 मध्ये पिकासोने खुर्चीच्या वेताच्या विणीची नुसती छापील नक्कल असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, भोवती चौकटीऐवजी दोर लावला. म्हणजे हातात आलं ते नकली, आणि तेही चाललं. फ्रेंच चित्रकार मातीसचं थोडं वेगळं. मोठ्या आजारपणानंतर उभं राहून रंगवणं कठीण झालं, तेव्हा तो साहाय्यकांकडून कोरे कागद गवाशने, म्हणजे पाण्याच्या अपारदर्शक रंगाने रंगवून घ्यायचा आणि त्यातून थेट कात्रीने आकार कापायचा. आधी पिनांनी भिंतीवर लावायचे, मग हलवायचे, परत हलवायचे. चिकटवायची घाई नाही. त्या पिना मला फार आवडतात. चिकटवण्याआधी माझेही तुकडे हल्ली दोन दिवस नुसते ठेवलेले असतात, आणि पंखा लावायला घरात बंदी असते.

पण या सगळ्यांपेक्षा मला जवळच्या वाटतात त्या मेरी डिलेनी. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या. दुसऱ्यांदा विधवा झाल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांना एक लाल कागदाचा तुकडा आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग सारखाच असल्याचं दिसलं. कात्री घेतली आणि फूल कापायला बसल्या. पाकळीच्या एकेका छटेसाठी वेगळा कागद, एकेका फुलात शेकडो तुकडे, मागे काळी पार्श्वभूमी, मधूनच एखादं खरं वाळलेलं पान. हवा तो रंग कागदात मिळाला नाही तर स्वतः रंगवून घ्यायच्या. साधारण दहा वर्षांत त्यांनी 985 फुलं केली, डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबल्या. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हिशेब केला तर चार दिवसांना एक फूल होतं. त्या वेगात कागद जपत बसायला वेळ कुठला?

माझा निळा बाहेर आला तो असा कुठला आदर्श समोर ठेवून नव्हे. एका पुठ्ठ्यावर काम चाललं होतं. तीन थर झाले होते: खाली अस्वल, वर पाकिटांचे कागद आणि फाडलेली पिवळी चिठ्ठी, त्यावर कोरड्या ब्रशने पांढरा. डाव्या बाजूला काहीतरी खोल हवं होतं. अल्ट्रामरीनमध्ये गडद तपकिरी मिसळून रात्रीसारखा निळा केला, लावला, पुसला. परत लावला, परत पुसला. मग संतापून कप्पा उघडला.

कपाटाचं दार खालून नीट लागत नाही. नऊ वर्षं त्या फटीतून जो काय उजेड आला असेल, त्याने कागदाची एक बाजू दोन बोटं रुंदीने उडवली होती. निळ्याची राख झाल्यासारखा करडा. कागद दळदार रंगपुडीने नव्हे, विरघळणाऱ्या रंगाने रंगवला असला तर तो उजेडाला फार टिकत नाही, हे मला माहीत होतं. वर्षातून एकदा मी तो बाहेर काढायची तेव्हाही थोडाथोडा उडालेला असणारच. मी फक्त मधल्या भागावरून हात फिरवत आले होते.

हातकागद सहजी फाटत नाही, तंतू लांब असतात. ओल्या ब्रशने रेघ मारायची, पाणी मुरेपर्यंत थांबायचं आणि मग दोन्ही हातांनी हलकेच ओढायचं. काठ मऊ, केसाळ येतो, न कापलेल्या कडेसारखाच. मी रेघ मारली. पाणी मुरताना तो भाग काळा दिसायला लागला. ओढलं. आवाज जवळजवळ झालाच नाही.

तो तुकडा चिकटवला, वरून जेल मीडियमचा, म्हणजे रंगाची पूड नसलेल्या दाट अ‍ॅक्रिलिकचा हात दिला, आणि कागद आणखी गडद झाला. मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी गडद. नऊ वर्षं मनात धरलेला निळा तो नव्हताच. दुसऱ्या दिवशी त्यावर पातळ नारिंगी फिरवला, मग पांढऱ्याचा एक मोठा फटकारा, मग शिवणाच्या कागदातली तुटक रेघ. काम जमलं. मला तरी जमलं असं वाटतं. निळा उरला तो अंगठ्याच्या नखाएवढा, डावीकडे खाली.

ताई आली तेव्हा ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी सांगितलं, यात तुझा कागद आहे. ती बराच वेळ शोधत राहिली. शेवटी मी बोट ठेवलं.

"हा होय? मला वाटलं पाकिटाचं अस्तर."

उरलेला कागद आता बुटांच्या खोक्यात असतो. परवा भाचीने त्याच्या कोपऱ्यावर ब्रश पुसला.